मन आणि इंग्रजी : एकाच वहीत दोन धडे



दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. शेजारच्या शिवाजी पार्कच्या मैदानावर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथे येऊन गेल्या असतील. रांगेत उभं राहून दर्शन घ्यायचं आणि परत जाताना पिशवीत एखादं तरी पुस्तक न्यायचं, ही तिथली रीतच आहे. मी दादरलाच राहते, म्हणून एका स्टॉलवर मदतीला बसते.

मागच्या खेपेला एक ताई आल्या. जालन्याकडच्या, बचत गटाच्या सचिव. त्यांच्या एका हातात इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात मनातली भीती कशी घालवावी याचं. म्हणाल्या, "ताई, पैसे एकाचेच आहेत. यातलं कोणतं घेऊ?"

दोन्ही का हवी आहेत, असं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. गावात कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला होता. शेजारणीला कर्ज हवं होतं. तो म्हणाला, "साक्षीदार म्हणून सही करा." यांनी केली. कागद इंग्रजीत. काही महिन्यांनी शेजारणीचे हप्ते थकले आणि तो माणूस यांच्या दारात उभा राहिला. सहीखाली छापलं होतं 'गॅरंटर', म्हणजे जामीनदार.

"मी सही करते ताई, अंगठा नाही लावत. पण सही कशाखाली केली ते वाचता आलं नाही. आणि खरं सांगू का, विचारायचीच भीती वाटली. चारचौघींत विचारलं तर म्हणतील, ही कसली सचिव!"

बघा, त्यांचं नुकसान दोन गोष्टींनी केलं. एक शब्द ठाऊक नव्हता आणि एक प्रश्न तोंडातून बाहेर आला नाही. पहिल्याला व्याकरणाचं पुस्तक लागतं, दुसऱ्याला मनाचं. त्या गर्दीत मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. हा धडा म्हणजे तेच उत्तर आहे. दोन्ही पुस्तकं एकाच वहीत करता येतात. मनाविषयीचे छोटे छोटे उतारे इंग्रजीत वाचायचे आणि त्याच वाक्यांवर व्याकरण घोटायचं.

बाबासाहेबांनी इंग्रजी कसं घोटलं

ज्यांच्यासाठी आपण शिवाजी पार्कला जातो, त्यांना तरी इंग्रजी जन्मतः येत होतं का? नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. या पुस्तकाची पद्धत साधी आहे. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं. इंग्रजी वाक्य घ्यायचं, त्याचं मराठी करायचं. असं शेकडो वेळा. म्हणजे मराठीचा हात धरूनच इंग्रजीत शिरायचं.

घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. रात्री दोनला वडील मुलाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः झोपत, असं त्यांच्या चरित्रात येतं. त्या खोलीतून ते १९०७ साली मॅट्रिक झाले, १९१२ साली बी. ए. झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

तिथे त्यांना जॉन ड्युई हे प्राध्यापक भेटले. ड्युई तत्त्वज्ञ होते, तसेच मानसशास्त्रज्ञही होते. १८८७ साली त्यांनी मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं होतं आणि १८९९ साली ते अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. माणूस नुसतं ऐकून शिकत नाही, करून शिकतो, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. पोहणं काठावर बसून येत नाही, तसंच.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. इंग्रजी घोटावं लागतं, कोणालाही. आणि ते घोटताना मन कसं चालतं हे कळलं, तर कष्ट वाया जात नाहीत.

धडा कसा वापरायचा

एक वेगळी वही करा. रोज पंधरा मिनिटं पुरेत. स्वयंपाक झाल्यावर म्हणा, नाहीतर गुरांचं आवरल्यावर. या पानावर इंग्रजी वाक्यं मुद्दाम आपल्या अक्षरांत दिली आहेत. ती आधी मोठ्याने वाचून तोंडात बसू द्या. मग शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला सांगून इंग्रजी अक्षरांत वहीत उतरवून घ्या आणि ती स्वतःच्या हाताने पुन्हा लिहा. लेकराकडून शिकण्यात कमीपणा नाही.

पहिला उतारा : भीती

सुमन इज इन द बँक. शी इज अफ्रेड. हर हँड्स आर कोल्ड. हर माउथ इज ड्राय. शी इज नॉट वीक. हर बॉडी इज रेडी टू रन.

अर्थ : सुमन बँकेत आहे. तिला भीती वाटते आहे. तिचे हात गार पडले आहेत. तोंडाला कोरड पडली आहे. ती कमजोर नाही. तिचं शरीर पळायला तयार झालं आहे.

मनाची गोष्ट : अमेरिकेतले शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली भीती आणि राग यांनी शरीरात काय बदल होतात यावर पुस्तक लिहिलं. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं, तोंड कोरडं पडतं. समोर वाघ असेल तर हे उपयोगी आहे. पण शरीराला वाघ आणि बँकेची खिडकी यातला फरक लगेच कळत नाही. म्हणून साहेबाने "येस?" म्हटलं की येत असलेला शब्दही विसरतो. यात तुमची अक्कल कमी पडत नाही, शरीर आपलं काम करत असतं. बोलण्याआधी एक श्वास सावकाश सोडा, हातातला कागद खिडकीवर ठेवा आणि मग बोला.

व्याकरण : 'आहे' साठी इंग्रजीत तीन शब्द आहेत. 'आय' म्हणजे मी, त्याच्याबरोबर 'ॲम'. एक माणूस किंवा एक वस्तू असेल तर 'इज'. अनेक असतील तर 'आर', आणि 'यू' म्हणजे तू किंवा तुम्ही, त्याच्याबरोबरही 'आर'. मराठीत 'आहे' वाक्याच्या शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच पुढे बसतं. 'सुमन बँकेत आहे', पण 'सुमन इज इन द बँक'.

आता एक गंमत बघा. मराठीत आपण म्हणतो, मला भीती वाटते, मला भूक लागली, मला राग आला. भीती, भूक, राग हे बाहेरून आपल्याकडे येतात. इंग्रजीत तसं नसतं. तिथे म्हणतात 'आय ॲम अफ्रेड', 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम अँग्री'. म्हणजे मी घाबरलेली आहे, मी भुकेली आहे. म्हणून अशा वेळी 'मला' चं शब्दशः भाषांतर करत बसू नका, 'आय ॲम' ने सुरुवात करा. इंग्रजी वाक्य इंग्रजीच्या रीतीने बोला, पण मराठीचं शहाणपण सोडू नका. भीती पाहुण्यासारखी आली आहे, ती जाणारही आहे.

दुसरा उतारा : विसरणं

सुमन लर्न्स टेन वर्ड्स. शी क्लोजेस द बुक. द नेक्स्ट डे शी फर्गेट्स सिक्स वर्ड्स. शी रीड्स देम अगेन. आफ्टर थ्री डेज शी रीड्स देम अगेन. नाऊ द वर्ड्स स्टे.

अर्थ : सुमन दहा शब्द शिकते. ती पुस्तक मिटते. दुसऱ्या दिवशी ती सहा शब्द विसरते. ती ते पुन्हा वाचते. तीन दिवसांनी पुन्हा वाचते. आता शब्द टिकतात.

मनाची गोष्ट : "माझ्या डोक्यात काही राहतच नाही," हे वाक्य गटाच्या प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतं. हर्मन एबिंगहाउस नावाचे एक जर्मन अभ्यासक होते. त्यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि आपण किती विसरतो हे मोजत बसले. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. एका दिवसात पाठांतराचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातचा गेला. त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग खूप कमी झाला आणि पुढच्या महिनाभरात थोडंच गेलं. अर्थ असलेले शब्द इतक्या झपाट्याने जात नाहीत, पण चाल तीच. म्हणजे पहिल्या दिवशी विसरणं हा मनाचा स्वभाव आहे. प्राध्यापकाचंही तेच होतं, आपलंही तेच होतं.

यावर उपाय दोन. पहिला उपाय, एकाच दिवशी दोन तास घासण्यापेक्षा तोच वेळ चार दिवसांत वाटून द्या. मिरचीच्या रोपाला महिन्याचं पाणी एकदम घालत नाही, तसंच हे. दुसरा उपाय, नुसतं पुन्हा पुन्हा वाचू नका. वही मिटा आणि आठवून बघा. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वारंवार वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारलं तेव्हा ज्यांनी पुस्तक मिटून आठवलं होतं ते पुढे गेले. भाकरी थापताना कालचे पाच शब्द आठवायचे, याला वही लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

व्याकरण : आय लर्न, यू लर्न, वुई लर्न, दे लर्न. पण शी लर्न्स, सुमन लर्न्स. एकच तिसरी व्यक्ती असेल तर रोजच्या गोष्टी सांगताना क्रियापदाला 'स्' लागतो. आता उताऱ्यातलं शेवटचं वाक्य बघा. 'वर्ड्स' ला 'स्' आहे, पण 'स्टे' ला नाही. लक्षात ठेवायची युक्ती अशी : नामाला 'स्' लागला तर अनेक, क्रियापदाला 'स्' लागला तर एक.

हीच गोष्ट कालची म्हणून सांगायची असेल तर क्रियापद बदलतं. लर्न चं लर्न्ड, क्लोज चं क्लोज्ड, फर्गेट चं फर्गॉट. 'रीड' हा शब्द भूतकाळातही तसाच लिहितात, पण वाचताना 'रेड' म्हणतात. भूतकाळात तो 'स्' राहत नाही : आय लर्न्ड, शी लर्न्ड, दे लर्न्ड, सगळं सारखंच.

तिसरा उतारा : मस्ट आणि मे

आय मस्ट स्पीक परफेक्ट इंग्लिश. पीपल मस्ट नॉट लाफ ॲट मी.

अर्थ : मला अगदी बिनचूक इंग्रजी बोलता आलंच पाहिजे. लोकांनी मला हसताच कामा नये.

आता हा दुसरा भाग वाचा.

आय वॉन्ट टू स्पीक गुड इंग्लिश. पीपल मे लाफ. आय कॅन स्टिल स्पीक.

अर्थ : मला चांगलं इंग्रजी बोलायचं आहे. लोक कदाचित हसतील. तरीही मी बोलू शकते.

मनाची गोष्ट : न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. त्यांचं म्हणणं असं की प्रसंग आपल्याला जेवढा त्रास देतो त्याहून जास्त त्रास त्या प्रसंगाबद्दलचा आपला विचार देतो. आणि त्रास देणाऱ्या विचारांत बहुतेक वेळा एक 'मस्ट' लपलेला असतो. जमलंच पाहिजे, हसताच कामा नये, सासूने ऐकलंच पाहिजे. 'पाहिजेच' च्या जागी 'मला हवं आहे' ठेवलं की इच्छा तशीच राहते, पण गळ्याचा फास सैल होतो. त्या जालन्याच्या ताईंच्या मनात काय होतं? 'सचिवाला सगळं आलंच पाहिजे.' या एका 'मस्ट' पायी त्यांनी कागदावरचा शब्द विचारला नाही.

व्याकरण : मनात 'मस्ट' कमी असावा. पण कागदावरचा 'मस्ट' मात्र डोळे उघडे ठेवून वाचायचा. हे चार छोटे शब्द क्रियापदाच्या आधी येतात आणि सगळा अर्थ फिरवतात :

मस्ट : करायलाच हवं.
शॅल : करारात हाही बंधनाचाच शब्द आहे. करणं भाग आहे.
मे : करू शकेल, मर्जी असेल तर. कधी 'कदाचित' असाही अर्थ होतो.
कॅन : जमतं, शक्य आहे.

या चारही शब्दांनंतर क्रियापद जसंच्या तसं येतं, 'स्' लागत नाही. 'शी पेज', पण 'शी मस्ट पे'.

आता कर्जाच्या कागदावर असतात तशी दोन वाक्यं वाचा. 'द बॉरोअर शॅल पे द इन्स्टॉलमेंट.' कर्जदाराने हप्ता भरायचाच आहे. 'द कंपनी मे चार्ज अ फी.' कंपनी शुल्क लावू शकते. पहिलं बंधन कोणावर आहे? तुमच्यावर. दुसऱ्यात मर्जी कोणाची आहे? कंपनीची. म्हणून कागद हातात आला की पेन्सिल घ्या. 'शॅल' आणि 'मस्ट' च्या खाली एक रेघ ओढा, 'मे' च्या खाली दोन. एका रेघेवर विचारा, "हे मी नाही केलं तर काय?" दोन रेघांवर विचारा, "हे तुम्ही कधी करणार आणि किती?"

आणि सही करण्याआधी सहीखालचा शब्द वाचा. बॉरोअर म्हणजे कर्जदार. को-बॉरोअर म्हणजे सहकर्जदार. गॅरंटर म्हणजे जामीनदार, कर्जदाराने नाही भरलं तर पैसे याच्याकडे मागतात. विटनेस म्हणजे साक्षीदार. हे चार शब्द आजच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

एक गोष्ट कायद्याचीही. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेल्या कर्जाला मायक्रोफायनान्स कर्ज म्हणतात. रिझर्व्ह बँकेचे त्याबद्दलचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार कर्जाच्या कार्डावरची माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावी लागते आणि असं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. म्हणजे "मराठीत द्या" असं म्हणणं ही विनंती नाही, तो तुमचा हक्क आहे. इंग्रजी आपण शिकायचंच, पण ते येईपर्यंत गप्प बसायचं असं नाही.

एक छोटा शब्द : येट

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी २००६ सालच्या पुस्तकात मांडलं की बुद्धी ठरलेली असते असं मानणारा माणूस चुकीला घाबरतो आणि बुद्धी वाढते असं मानणारा चुकीतून शिकतो. इंग्रजीत त्यासाठी एक छोटा शब्द कामाला येतो, 'येट', म्हणजे 'अजून'. 'आय कॅनॉट रीड धिस.' मला हे वाचता येत नाही. 'आय कॅनॉट रीड धिस येट.' मला हे अजून वाचता येत नाही. मराठीत 'अजून' मध्ये येतं, इंग्रजीत 'येट' शेवटी बसतो. पहिल्या वाक्यात दार बंद आहे, दुसऱ्यात ते किलकिलं आहे.

सराव

१. इंग्रजीत सांगा : मला भूक लागली आहे. ती तयार आहे. आम्ही बँकेत आहोत.

२. 'सेव्ह' की 'सेव्ह्ज'? माय सिस्टर ____ मनी. वुई ____ मनी. शी मस्ट ____ मनी.

३. भूतकाळात सांगा : आय लर्न टेन वर्ड्स. शी फर्गेट्स सिक्स वर्ड्स.

४. बंधन की मर्जी, आणि कोणाची? द ग्रुप शॅल मीट एव्हरी मंथ. द मेंबर मे विथड्रॉ हर सेव्हिंग्ज. द कंपनी मे चेंज द इंटरेस्ट रेट.

५. तुमच्या मनातला एक 'मस्ट' शोधा. त्याचं 'आय वॉन्ट टू' करून वहीत लिहा. हे कोणाला दाखवायची गरज नाही.

उत्तरं : १. आय ॲम हंग्री. शी इज रेडी. वुई आर इन द बँक. २. सेव्ह्ज, सेव्ह, सेव्ह. ३. आय लर्न्ड टेन वर्ड्स. शी फर्गॉट सिक्स वर्ड्स. ४. पहिल्यात बंधन गटावर, दर महिन्याला बैठक घ्यायचीच. दुसऱ्यात मर्जी सभासदाची, ती बचत काढू शकते. तिसऱ्यात मर्जी कंपनीची, ती व्याजदर बदलू शकते. इथे थांबून विचारायचं.

गटाच्या बैठकीसाठी गृहपाठ

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक इंग्रजी कागद आणावा. बँकेचा मेसेज, विम्याची पावती, खताच्या पिशवीवरची सूचना, काहीही चालेल. त्यावरचा एकच न कळलेला शब्द सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचा. उत्तर गटात कोणालाच आलं नाही तरी चालेल, शब्द रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि सहयोगिनी ताईंना विचारा. खरा सराव शब्दाचा नाही, विचारण्याचा आहे. सुरुवात अध्यक्ष आणि सचिव यांनी करावी. त्यांनी "मला हे अजून येत नाही" असं म्हटलं, की बाकीच्यांची जीभ आपोआप सुटते.

त्या ताईंनी त्या दिवशी शेवटी व्याकरणाचं पुस्तक घेतलं. पैसे देताना त्यांनी मुखपृष्ठावर बोट ठेवून मला विचारलं, "हा इंग्रजी शब्द कसा वाचायचा?" आजूबाजूला पन्नास माणसं होती. त्यांचं दुसरं पुस्तक तिथेच सुरू झालं होतं.

पुढच्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला आलात तर वही बरोबर आणा. आपण मैदानाच्या कट्ट्यावर बसून तपासू.